शेती इथवर कशी आली: पायी चालत, की शेजाऱ्याचं बघून?

कृष्णाकाठ

परवा मावशीने मिरजेहून खपली गहू पाठवला, तोही टरफलासकट. वर निरोप, "कांडून घ्या, उखळ नसेल तर तुमचं नशीब." मिक्सरला फिरवून पाहिला तर अर्ध्याचा रवा झाला. शेवटी खलबत्ता घेऊन बसलो, दीड तासात दोन वाट्या दाणा निघाला. साध्या गव्हाचा दाणा मळणीत मोकळा होतो. खपलीचा होत नाही, तो टरफल घट्ट धरून बसतो. नावच त्यावरून पडलंय.

हात दुखत असताना डोक्यात आलं की हा तर जगातल्या अगदी पहिल्या पिकांपैकी एक. तैग्रिस-युफ्रेटिसच्या वरच्या अंगाला आणि जॉर्डनच्या खोऱ्याकडे त्याचा रानटी भाऊबंद अजून उगवतो. रानटी ओंबी पिकली की आपसूक तुटून खाली सांडते. एखाद्या रोपाची मात्र तुटत नाही. विळा घेऊन येणाऱ्याच्या हाती तीच जास्त लागते आणि पुढच्या सालाला तिचंच बी पडतं. असं होत होत, हजार-दोन हजार वर्षांत, माणसाने मळल्याशिवाय न सुटणारा गहू तयार झाला. उत्खननात जळून कोळसा झालेले कणसाचे तुकडे मिळतात, त्यांच्या देठाची खूण भिंगाखाली बघतात. गुळगुळीत असेल तर आपोआप गळलेला, फाटल्यासारखी असेल तर मळून काढलेला. हे फाटके देठ साधारण साडेदहा हजार वर्षांपूर्वीपासून दिसायला लागतात.

मग हा गहू निघाला. ग्रीसमध्ये इ.स.पू. ६५०० च्या सुमारास, जर्मनीत ५५००, ब्रिटनमध्ये ४०००. प्रश्न शीर्षकात आहे. शेतकरी स्वतः सरकत गेले, की वाटेतल्या शिकाऱ्यांनी शेजाऱ्याचं बघून उचललं?

माझं मत आधीच सांगून टाकतो: माणसं चालत गेली. १९७१ साली ॲमरमन आणि कावाली-स्फोर्झा या दोन संशोधकांनी युरोपातल्या जुन्या वस्त्यांच्या तारखा नकाशावर मांडल्या आणि सरासरी वेग काढला, वर्षाला एक किलोमीटर. म्हणजे बापाच्या शेतापासून पोराचं शेत पंचवीसेक किलोमीटर पुढे. शेतकऱ्याच्या घरात पोरं जास्त, जमीन तेवढीच, धाकटा बिऱ्हाड उचलतो. वाटण्या झाल्यावर आपल्याकडे होतं तेच. त्यांचा तो तेव्हा तर्क होता. २००९ पासून जुन्या हाडांतला डीएनए नीट वाचता यायला लागला आणि मध्य युरोपातले शिकारी वेगळे, पहिले शेतकरी वेगळे, हे दिसलं. २०१५ मध्ये वायव्य तुर्कस्तानातल्या बार्जिन गावच्या जुन्या शेतकऱ्यांचा डीएनए आला. जर्मनी-हंगेरीचे पहिले शेतकरी थेट त्यांचेच सगेसोयरे निघाले. माझ्यापुरता विषय संपला. ज्यांचा संपला नसेल त्यांनी लिहावं.

एकच विनंती. आर्यांना इथे आणू नका. ते प्रकरण याच्या कितीतरी नंतरचं आहे.

भांडीकुंडी

धागा उघडतानाच विषय संपवलात, म्हणजे आम्ही काय फक्त 'छान लेख' लिहून जायचं का?

तुम्ही गोष्ट मधून सुरू केलीत. बार्जिनचे लोक युरोपात गेले हे मान्य. पण त्या अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाकडच्या भागात, शेती कुठून आली? कोन्याच्या पठारावर बोन्जुक्लू नावाची वस्ती आहे, चाताल्ह्युयुक या प्रसिद्ध प्राचीन गावापासून दहाएक किलोमीटरवर. तिथले लोक दहा हजार वर्षांपूर्वी थोडाफार गहू लावत होते आणि बरोबरीने शिकार करत होते, पाणथळीतले मासे-पक्षी खात होते. जवळच पनारबाशीला त्याच्याही पाच हजार वर्षं आधीच्या एका शिकाऱ्याचा सांगाडा मिळाला. २०१९ मध्ये दोघांचा डीएनए ताडून पाहिला तर बोन्जुक्लूचे शेतकरी बहुतांशी त्याच जुन्या शिकाऱ्यांचे वंशज. बाहेरून कुणी येऊन त्यांना हाकललेलं नाही. गहू आला, माणसं तीच राहिली.

पूर्वेला झाग्रोस डोंगरात, आजच्या इराणात, शेळ्या पाळणारे वेगळे. दक्षिणेला जॉर्डन-पॅलेस्टाइनकडचे वेगळे. तिन्हीकडे शेती-पशुपालन सुरू झालं तेव्हा हे तीन गट आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांपासून चांगलेच लांब होते, २०१६ च्या अभ्यासांत हे स्पष्ट आलंय. तरी पिकं तीच, विळे तसेच, जनावरं तीच. ही देवघेव माणसांच्या लाटेने झाली असती तर तिघांचं रक्त एक झालं असतं. म्हणजे शेती जिथे जन्मली तिथे ती शेजाऱ्याचं बघूनच पसरली.

टवाळ

शेजाऱ्याचं बघून पीक घेतल्यावर काय होतं ते गेल्या साली टोमॅटो लावलेल्यांना विचारा.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.)

कृष्णाकाठ

@भांडीकुंडी, बोन्जुक्लूचा मुद्दा बिनशर्त मान्य. माझ्या नजरेतून सुटला होता.

पण युरोपात तुमचं गणित उलटं पडतं. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर एर्टेबोले संस्कृतीचे मासेमार होते. त्यांच्या दक्षिणेला शेतकरी हजार वर्षांहून जास्त काळ नांदत होते. दोघांत व्यवहार चालायचा, शेतकऱ्यांच्या घासलेल्या दगडी कुऱ्हाडी यांच्याकडे सापडतात. यांनी भांडी करायलाही घेतली. शेती? नाही घेतली. हजार वर्षं शेजाऱ्याचं शेत बघितलं आणि मासे धरत राहिले. इ.स.पू. ४००० च्या आसपास तिथे शेती आली ती माणसांसकट, २०२४ च्या डीएनए अभ्यासात तिथली लोकसंख्याच बदललेली दिसते. ब्रिटनमध्येही तेच. शेतकऱ्यांचं मूळ ग्रीस-तुर्कस्तानमधल्या एजियन समुद्राकडचं, स्थानिक शिकाऱ्यांचा वाटा किरकोळ.

आणि सायप्रस. त्या बेटावर साडेदहा हजार वर्षांपूर्वी गहू, शेळ्या, गुरं आहेत. शेळी काही भूमध्य समुद्र पोहून जात नाही. कुणीतरी पाय बांधून होडीत घातली. तिथेच शिलुरोकांबोसला साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कबरीशेजारी मांजर पुरलेलं मिळालं. मांजर घेऊन जाणारा माणूस बिऱ्हाड हलवत असतो, नुसती कल्पना पोचवत नसतो.

स्टुटगार्टकर

मी रोज गाडीने ज्या मातीतून जातो तीच ही माती, म्हणून लिहितो. इथे लोएस म्हणतात, वाऱ्याने उडून आलेली पिवळट, पिठासारखी बारीक माती. रस्त्यासाठी चर खणला की भिंत कापल्यासारखी सरळ उभी राहते. दगड औषधाला मिळत नाही. लाकडी काठीने उकरता येईल अशी जमीन. पहिले शेतकरी हंगेरीकडून आले ते हिचाच पट्टा धरून ऱ्हाइनपर्यंत, आणि पुढे पॅरिसच्या आसपास. तीन-चारशे वर्षांत! त्यांच्या भांड्यांवर रेघांचे पट्टे असतात म्हणून ते 'लिनिअरबॅण्डकेरामिक' लोक. घरं लांबलचक, वीस-वीस, तीस-तीस मीटर, लाकडी खांबांच्या पाच ओळी. खांब कुजून गेले, पण खड्ड्यांत काळी माती भरली गेली, त्यामुळे पिवळ्या जमिनीवर घराचा नकाशा ठिपक्यांनी काढल्यासारखा दिसतो. हंगेरीपासून फ्रान्सपर्यंत घराचा साचा तोच. बघून शिकलेल्यांनी इतकं सारखं घर बांधलं असतं का? आपल्याकडे शेजारच्या तालुक्यात वाड्याचा दरवाजा बदलतो. म्हणून माझं मत कृष्णाकाठ यांच्या बाजूने.

पण 'वर्षाला एक किलोमीटर' ही फसवी सरासरी आहे. लोएस संपली तिथे गाडी हजार वर्षं उभी राहिली. भूमध्य समुद्राच्या कडेने मात्र दक्षिण इटलीपासून पोर्तुगालपर्यंत पाच-सहाशे वर्षांतच पोचले, होड्यांनी, टप्पे टाकत. हे लोक ओल्या भांड्यावर शिंपलीची कड दाबून नक्षी करायचे.

आणि हे सगळं गोडीगुलाबीचं समजू नका. हाइलब्रॉनजवळ टालहाइमला १९८३ साली एकाला परसबागेत खणताना हाडं लागली. एका खड्ड्यात ३४ माणसं, त्यातली १६ मुलं, अस्ताव्यस्त टाकलेली. बऱ्याच जणांच्या कवट्या मागून फोडलेल्या. इ.स.पू. ५००० च्या आसपासचं.

सप्तसिंधू

म्हणजे शेतकऱ्यांनी शिकाऱ्यांना मारलं. असंच जग जिंकलं जातं.

स्टुटगार्टकर

नाही हो. तिथेच तर गंमत आहे, गंमत शब्द चुकला, पण असो. कवटीवरची भोकं ज्या हत्याराची आहेत ते सुताराच्या वाकसासारखं दगडी पातं. ते शेतकऱ्यांचंच लाकूड तासायचं हत्यार. मारणारे शेतकरी, मेलेले शेतकरी. चांगली जमीन भरत आली होती, असं म्हणतात.

जोंधळा

मी स्वतः शेती करतो, बार्शीकडे, कोरडवाहू. पुस्तकं कमी वाचली आहेत. तुमच्या दोन्ही पक्षांना एक विचारतो.

शेती 'बघून' येते असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी बी राखलंय का? पेरणी-काढणी कुणीही बघून करील. अवघड असतं ते मधल्या दिवसांत. दिवाळीनंतर घरात दाणा असतो, उन्हाळ्यात संपत येतो, पोरं भुकेली असतात आणि कोपऱ्यात बियाण्याची कणगी भरलेली असते. तिला हात लावायचा नाही. शिकार करून त्या दिवशीचं त्या दिवशी वाटून खाणाऱ्या माणसाला हे कसं जमणार? तो म्हणेल, पोरं उपाशी आणि तू दाणे लपवतोस? त्याच्या लेखी ती चोरी आहे.

आमच्याकडे बियाणं राखायचं काम आईकडे होतं. चांगली कणसं बघून वेगळी बांधायची, राख लावायची, गाडग्यात घालून तोंड शेणामातीने लिंपायचं. हे तिला तिच्या आईने शिकवलेलं, ती ते माहेराहून घेऊन आली. म्हणून मला वाटतं की सगळं गावही चाललं नसेल आणि नुसती कल्पनाही चालली नसेल. सून आली असेल. एक पोरगी शेतकऱ्यांतून शिकाऱ्यांत, नाहीतर उलटी. तुमच्या डीएनएत पोरी दिसतात का?

भांडीकुंडी

@जोंधळा, दंडवत! दिसतात.

सर्बियात डॅन्यूब नदी डोंगर फोडून जाते तिथे लेपेन्स्की वीर नावाची मासेमारांची वस्ती होती. १९६५ पासून स्रेयोविच यांनी खणली, आता ती जागा धरणाच्या पाण्याखाली आहे, अवशेष उचलून वर नेऊन ठेवले. घरांच्या जमिनी समलंब आकाराच्या, चुन्याच्या घट्ट गिलाव्याच्या, आणि चुलीपाशी नदीतले गोटे कोरून केलेले चेहरे. बटबटीत डोळे, खाली वळलेलं रुंद तोंड, अर्धा माणूस अर्धा मासा. एकदा बघितला की विसरत नाही. शेतकरी या भागात आले त्या काळातल्या इथल्या काही सांगाड्यांच्या दातांतलं रसायन सांगतं की त्यांचं बालपण दुसरीकडे गेलं. त्यात बायका जास्त. डीएनएतही काही जण अनातोलियाच्या मुळाचे, काही मिसळीचे. म्हणजे तुमची सून.

आणि @कृष्णाकाठ, 'शिकारी वेगळे, शेतकरी वेगळे' हे सुरुवातीचं चित्र. पुढच्या दीड-दोन हजार वर्षांत शेतकऱ्यांच्याच डीएनएत शिकाऱ्यांचा वाटा वाढत गेला, काही ठिकाणी पाव हिश्श्यापर्यंत. जर्मनीत हागेनजवळ ब्लेटरह्योले गुहेत शेती येऊन दीड-दोन हजार वर्षं झाल्यावरही गोड्या पाण्यातल्या माशांवर जगणारे आणि शेतीवर जगणारे, दोघांनी आपले मेलेले एकाच गुहेत ठेवलेत. तुमची 'लाट' आली तेव्हा हे लोक कुठे बुडले नव्हते. बाजूला उभे होते. आपल्याकडे हाडांचे नमुने येतात ते नीट पुरलेल्यांचे, आणि नीट पुरणारे बहुतेक शेतकरी. पहिल्या शतकांत शिकारी दिसत नाहीत, त्यात थोडा हाही दोष आहे.

लात्विया आणि युक्रेनमध्ये तर स्थानिक लोकांनी अनातोलियाच्या एकाही शेतकऱ्याचं रक्त न घेता नवाश्मयुगात (घासलेली दगडी हत्यारं, मडकी, शेती यांचा काळ) पाऊल टाकलं. २०१७ चा अभ्यास आहे.

कृष्णाकाठ

लात्वियात भांडी आली. शेती कुठे आली? ती पुढे बऱ्याच काळाने आली, तीही नव्या लोकांबरोबर. नुसत्या मडक्यावरून नवाश्मयुग म्हणायचं तर जपानात जोमोन लोकांनी शेती नसताना हजारो वर्षं मडकी केली. चीनमध्ये शियानरेनदोंग गुहेतली मडकी वीस हजार वर्षांपूर्वीची आहेत. भांडी म्हणजे शेती नव्हे, हे तुम्हीच मागे एका धाग्यावर मला सुनावलं होतंत. नाव भांडीकुंडी असलं म्हणून काय झालं.

लेपेन्स्की वीर मात्र भारी. आणि सुनेचा मुद्दा आवडला. पण सून आली म्हणजे माणूस आलाच की! मग माझ्याच बाजूचा पुरावा झाला.

भांडीकुंडी

एक सून म्हणजे लोकसंख्येची लाट? तुमच्याकडे सुना काय ट्रकने येतात?

लात्वियाबद्दल, ठीक आहे. मागे घेते.

पाटा वरवंटा

हे सगळं वाचताना मला भलताच प्रश्न पडतोय. इतकं चांगलं मासे-हरणं खात होते ते, मग कुणाला हौस होती? सीरियात युफ्रेटिसकाठी अबू हुरेरा नावाचं गाव होतं, १९७२-७३ मध्ये घाईघाईने खणलं कारण धरण होत होतं, आज तेही पाण्याखाली. तिथल्या सांगाड्यांवर थिया मॉलेसन यांनी काम केलं. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर खुणा, कमरेचे मणके दुखावलेले. कारण काय तर रोज तासन्‌तास गुडघ्यांवर बसून, पायाची बोटं मागे जमिनीत रोवून दगडावर धान्य रगडायचं. जातं फार नंतरचं, हा पाटा. पुढे झुकायचं, मागे यायचं, पुढे झुकायचं. कृष्णाकाठ यांचे दीड तासात हात दुखले, या बायकांनी जन्मभर केलं.

तेव्हा शेती 'पसरली' असं म्हणताना ती कुणाच्या गुडघ्यांवरून पसरली हेही लिहा. एर्टेबोलेच्या बायकांनी हजार वर्षं नकार दिला असेल तर मी त्यांच्या पक्षात.

स्टुटगार्टकर

+१. पहिल्या शेतकऱ्यांची उंची बऱ्याच ठिकाणी शिकाऱ्यांपेक्षा कमी भरते, दातही जास्त किडलेले. तरी शेतकरी जिंकले ते संख्येवर. फिरत्या बाईला दोन मुलांत तीन-चार वर्षांचं अंतर ठेवावं लागतं, कडेवर एकच घेता येतं. घर एका जागी झालं, लापशी भरवता आली, की अंतर कमी होतं. जास्त पोरं जन्मली, जास्त मेली, तरी जास्त उरली.

सप्तसिंधू

सगळी चर्चा युरोप-तुर्कस्तानची. मेहरगढचं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटत नाही का? इ.स.पू. ७००० मध्ये आपल्याकडे शेती होती. सगळं बाहेरून आलं असं म्हणायची आपल्याला हौसच आहे.

भांडीकुंडी

जीभ रेटते, तुम्ही संधी दिली नाहीत.

मेहरगढ बलुचिस्तानात, बोलन खिंडीच्या तोंडाशी. झारिज यांच्या फ्रेंच पथकाने १९७४ पासून खणलं. मातीच्या विटांची घरं, सातू भरपूर, गहू थोडा. ७००० ही तारीख आपण सगळे शाळेपासून ऐकतोय, पण ती कोळशाच्या थोड्याशा आणि भरवसा नसलेल्या नमुन्यांच्या वयावर उभी होती. तिथल्या पुरलेल्या माणसांच्या दातांच्या एनॅमलवरून नव्याने तारखा काढल्या, २०२५ मध्ये आल्या, तर सगळ्यात जुन्या कबरी इ.स.पू. ५२०० च्या आसपास बसतात. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं अलीकडे.

यावर लगेच 'बघा, कट' म्हणू नका. कारण पुढचं तुमच्या उपयोगाचं आहे. वशिंडाची गाय इथली. तुर्कस्तान-युरोपची बिनवशिंडाची गाय आणि ही, दोघींचे रानटी पूर्वजच लाखो वर्षांपूर्वी वेगळे झालेले, त्यामुळे ही आयात असूच शकत नाही. मेहरगढच्या थरांत खालून वर येताना हरणांची हाडं कमी होत जातात, गुरांची वाढतात, आणि गुरं आकाराने लहान होत जातात. माणसाळवण डोळ्यांसमोर होताना दिसते.

गव्हाचं तसं नाही. गव्हाचा रानटी पूर्वज बलुचिस्तानात उगवत नाही. तो पश्चिमेकडूनच आला. कुणाबरोबर? २०१९ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पुढाकाराने राखीगढीचा, म्हणजे हरयाणातल्या सिंधू संस्कृतीच्या शहराचा, डीएनए आला. ६१ नमुने तपासले, एकाच बाईचा डीएनए हाती लागला. तिच्यात इराणी नात्याचा मोठा वाटा आहे, पण ती शाखा झाग्रोसच्या शेतकऱ्यांपासून फुटली ती शेती सुरू व्हायच्या आधीच. म्हणजे पश्चिमेच्या शेतकऱ्यांची झुंड इकडे आली आणि तिने सिंधूकाठ भरला, असं दिसत नाही. गव्हाचं बी आलं, कसायचं ज्ञान आलं, माणसं इथलीच.

@कृष्णाकाठ, आता बोला.

कृष्णाकाठ

एका बाईच्या डीएनएवर? लाट म्हणायला एक सून पुरत नव्हती ना?

पण खरं सांगायचं तर हे मला नडतंय. तिच्याशी जुळणारी काही माणसं पूर्व इराणात आणि तुर्कमेनिस्तानात मिळाली आहेत, तेव्हा ती एकटी नाही, हेही मला माहीत आहे. युरोपचं चित्र इकडे लागू पडत नाही, इथपर्यंत येतो. युरोपबद्दल मागे हटत नाही.

सप्तसिंधू

मग मी काय वेगळं म्हणत होतो? आणि मग आर्य…

टवाळ

आले! आले! धागाकर्ते, पैज हरलात. माझे पॉपकॉर्न संपले.

भीमाथडी

उशिरा आलो. घोड नदीकाठचा असल्याने इनामगावबद्दल लिहिणं भाग आहे.

शिरूर तालुक्यात आहे. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ ते ८३ अशी पंधरा वर्षं खणलं. हे नवाश्मयुग नाही, ताम्रपाषाणयुग, इ.स.पू. १६०० ते ७००. पण महाराष्ट्रात शेतकऱ्याचं गाव कसं होतं ते इतकं तपशिलात दुसरीकडे क्वचितच कळतं. सातू, गहू, मसूर, हुलगे. धान्याची पेवं. नदीच्या पुराचं पाणी वळवायला बांध आणि चर. लहान मूल मेलं की दोन रांजणं तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचं आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं. मोठ्यांना पुरताना घोट्याखालून पाय तोडलेले. का, यावर वाद आहेत. गावात म्हातारे म्हणायचे, भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून. ते म्हातारे उत्खननावर मजुरीला होते, तेव्हा हे त्यांचं की साहेबांचं, देव जाणे.

मला या धाग्यावर सांगायचंय ते वेगळंच. इथे सगळे शेती 'पुढे सरकली' असं बोलताय. इनामगावात शेवटच्या तीनशे वर्षांत ती मागे सरकली. आधी चौकोनी, ऐसपैस घरं. इ.स.पू. १००० नंतर गोल झोपड्या, भांडी हलकी, शेती कमी, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार जास्त. पाऊस कमी झाला असं ढवळीकरांचं म्हणणं होतं, सगळ्यांना ते पटत नाही. कारण काही असो, नातवंडांनी आजोबांची शेती सोडून मेंढरं धरली. आमच्याकडे दुष्काळात अजून तेच होतं.

आणि दक्षिणेला, रायचूर-बेल्लारीकडे, इ.स.पू. ३००० पासून गुराख्यांचे राखेचे डोंगर आहेत. शेणाचे ढीग वर्षानुवर्षं साठवायचे आणि मग पेटवायचे. पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी उत्नूर गावचा ढीग खणला तेव्हा राखेच्या खालच्या जमिनीत गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले मिळाले. या लोकांचे मूग आणि हुलगे तिथलेच, कुठून आलेले नाहीत. तिकडे ना लाट ना शेजारी.

जोंधळा

माझं नाव ज्यावरून आहे त्याबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणून पुन्हा येतो.

ज्वारी सुदानची. तिथे इ.स.पू. ३००० च्या सुमाराच्या मडक्यांत तिचे ठसे आहेत, पेरलेल्या ज्वारीचे. बाजरी मालीकडची, पश्चिम आफ्रिका. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरांतली. तिन्ही इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात आपल्याकडे पोचल्या. आता आमच्या सोलापूर जिल्ह्याचं सगळं जगणं ज्वारीवर, भाकरी तिची, कडबा तिचा, हुरडा तिचा. मग त्या वेळी आफ्रिकेची माणसं इथे येऊन वसली का? सिद्दी आले ते फार फार नंतर, आणि ज्वारी घेऊन नाही. कुणा खलाशाच्या शिदोरीत उरलेले मूठभर दाणे असतील. कुणीतरी पेरून बघितले. खरिपात येतंय, ज्या जमिनीत सातू-गव्हाला पाणी पुरत नाही तिथेही तगतंय, एवढं कळायला दोन साल पुरे.

पण हे जमलं कारण घेणारा आधीच शेतकरी होता. त्याला बी राखणं माहीत होतं, नवीन बी फक्त हवं होतं. तुमच्या डेन्मार्कच्या मासेमाराला ते माहीत नव्हतं. मला यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिल्यांदा शेतकरी व्हायचं आणि शेतकऱ्याने नवीन पीक घ्यायचं, या दोन्हींना तुम्ही 'शेतीचा प्रसार' हे एकच नाव देऊन भांडताय.

कृष्णाकाठ

@जोंधळा, हे मी धाग्याच्या वरच लिहायला हवं होतं.

फक्त एक. बोन्जुक्लूवाले शिकारीच होते आणि तरी पहिल्यांदा शेतकरी झाले. तुमच्या हिशोबात ते कुठे बसवायचे?

भांडीकुंडी

त्यांच्या डोंगरउतारांवर रानटी बदाम-टाकळाच्या बिया होत्या, त्या ते साठवत असणार. साठवायची सवय आधीची. गहू त्या सवयीत नंतर येऊन पडला. अर्थात हा माझा अंदाज.

पाटा वरवंटा

टाकळा? तुर्कस्तानात? 🙂

भांडीकुंडी

बदाम आणि टर्पेंटाइनच्या झाडाची फळं, पिस्त्याच्या कुळातली. ऑटोकरेक्टने टाकळा उगवला.

जोंधळा

@कृष्णाकाठ, बोन्जुक्लूचं मला सांगता येणार नाही, तिथलं पाणी-जमीन बघितलेली नाही. पण तुमच्या मावशींकडे टरफलासकट खपली अजून आहे का? कांडलेली नको, ती खायला. पेरायला टरफलासकटच लागते. पाच किलो द्या, विहिरीखाली दहा गुंठे लावून बघतो. बदल्यात घरची मालदांडी देतो, कणसं निवडून ठेवलेली आहेत. पार्सल करू नका, मागे एकदा बियाणं भिजून आलं होतं. कार्तिकात मिरजेला येणं आहे, मीच येऊन घेऊन जाईन. किती खोल पेरता, पाणी किती देता, तेही मावशींना विचारायचंय.